थोरल्याला आजीपाशी ठेवू नकोस

बंड्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ठरलं आता. मे महिन्यात कोइमतूर."

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या कट्ट्यावर ही बातमी नवीन नाही. खानापूर तालुक्यात एखादीच भावकी अशी असेल, जिच्यातलं कुणी गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर नाही. आसाम घ्या, पंजाब घ्या, केरळ घ्या, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस तुमची बोली ऐकून मान वर करतो आणि विचारतो, "गाव कंचं?"

बंड्या मात्र गलाईतला नाही. पंधरा वर्षं त्यानं यंत्रमागावर काढली. माग बंद पडले तसा तो वर्षभर मिळेल ते काम करत होता. वहिनींचे मामा कोइमतुरात राजा स्ट्रीटच्या मागच्या बाजूला गलाईचं दुकान चालवतात. त्यांचं वय झालंय, हाताखाली विश्वासाचं माणूस पाहिजे. बंड्याच्या घरात मुलगा आठ वर्षांचा, यंदा तिसरीत जाईल. मुलगी तीन वर्षांची.

पहिला उखडला तो पैलवान. "पाणी नव्हतं तवा लोकं गेली, ते समजतंय. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय शिवारात. द्राक्षं हायती, डाळिंब हाय. आणि तू आत्ता निघालाईस?"

"पाणी आलं, पर माझ्या वाटणीला रान किती आलं?" बंड्या म्हणाला. "दोघा भावांत दीड एकर. द्राक्षाचा मांडव उभा करायला पैका कुठनं आणू?"

पैलवानाची स्वतःची बाग आहे. तो पुढं काही बोलला नाही.

आप्पा मात्र सावरून बसले. १९७२ च्या दुष्काळात ते चौदाव्या वर्षी घर सोडून गेलेले. "मला कुणी इचारलंच नव्हतं. खडी फोडायला जातोस का गलाईला, एवढंच. पर बंड्या, एक ध्यानात घे. आम्ही एकटं गेलो. बायको-पोरं हितं. दसऱ्याला यायचं, पालखी बघायची, आठ दिवस राहायचं, परत. त्यानं पैसा राहिला. सगळं खटलं घेऊन गेलास तर खोलीचं भाडं, शाळा, दवाखाना, ह्यातच जाईल."

"एकटा जाणार न्हाई, आप्पा. मामा म्हणत्यात, बायकोला आण, लहान पोरगीला आण. थोरला मोठा झालाय, त्याची शाळा मोडू नका, त्याला आजीपाशी ऱ्हाऊ दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणाले, "हे शहाणपणाचं आहे." आणि मी, जो तोवर गप्प होतो, म्हणालो, "हेच सगळ्यात वाईट आहे."

आवाज जरा चढलाच माझा. टपरीवाल्यानंही वळून पाहिलं.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, ते उगीच बोलत नाहीत. त्यांनी सरळ मुद्दे मांडले. तमिळनाडूत १९६८ पासून राज्य सरकारच्या शाळांत दोनच भाषा, तमिळ आणि इंग्रजी. हिंदीही नाही, म्हणजे देवनागरी अक्षर मुलाच्या डोळ्यांपुढं येणारच नाही. २००६ च्या कायद्यानं पहिलीपासून तमिळ शिकावीच लागते. "वाईट म्हणत नाही मी. २०२० साली आपणही मराठी सक्तीची केलीच की. पण तीन वर्षांची पोरगी तिथं बोलायलाच तमिळमधून लागेल. हा पोरगा मराठीत लिहायला-वाचायला शिकलाय, त्याचं काय? उद्या दुकान जमलं नाही, परत यायचं झालं, तर धड तमिळ नाही, धड मराठी नाही. बरं, पोरगा हुशार निघाला आणि डॉक्टरकीला जायचं म्हणाला, तर? राज्याच्या कोट्यातून जायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातली लागतात. आणि आपला जातीचा दाखला तिकडच्या राज्याच्या सवलतींना चालत नाही. माहीत आहे का हे?"

बंड्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मास्तर, तुमचं एकही वाक्य खोटं नाही. पण दहावीला अजून आठ वर्षं आहेत. तो आठवी-नववीत गेला की परत आणता येईल. तेव्हा तो कळता असेल, त्याला विचारून आणता येईल. आठव्या वर्षी पोराला काय विचारणार?"

"तुझंच उदाहरण घे की," मास्तर म्हणाले. "तुला नेलं होतं ना? चार महिन्यांत परत आणावं लागलं."

हे खरं आहे. माझे वडील कोइमतुरातच होते. मी तिसरीत, बहीण तीन वर्षांची. बंड्याच्या घरात आज जी वयं आहेत, तीच. मिरजेहून रेल्वेनं बंगळूर, तिथून गाडी बदलून कोइमतूर, हजारेक किलोमीटर. शाळेत मला मागच्या बाकावर बसवलं. पाणी प्यायला जायचं कसं विचारायचं ते येईना म्हणून मी दिवसभर पाणी पीत नव्हतो. कुणी मारलं नाही, कुणी हिणवलं नाही. नुसतं कुणी बोलत नव्हतं, कारण बोलणार कशात? रात्री मी रडायचो. वडिलांना ते बघवेना. दिवाळीला गावी आलो, आणि परत निघताना मला आजीपाशी ठेवून ते तिघं गेले.

"मास्तर, तुम्ही म्हणता आठव्या वर्षी जमत नाही. मी म्हणतो, मला चार महिन्यांत परत आणायला नको होतं. अजून सहा महिने थांबले असते तर मी बोलायला लागलो असतो. शेजारच्या पोरांबरोबर खेळताना मला आकडे यायला लागले होते. चेंडू कुणाकडं गेला ते ओरडून सांगता येत होतं. शाळेतलं तेवढं राहिलं होतं."

"आजीनं काय कमी केलं तुला?"

"काहीच नाही. आजीनं जीव लावला. पण दसरा आणि यात्रा सोडली तर आई-वडील मला दिसले नाहीत. अकरा वर्षं. दोघं परत आले तेव्हा मी कॉलेजात होतो." मग जे मी कट्ट्यावर कधी बोललो नव्हतो ते बोललो. "माझी आई आणि बहीण आजसुद्धा फोनवर एकमेकींशी तमिळ बोलतात. सवयीनं. काही बिनसलं असलं, काही गंमत असली, की तमिळ. मी शेजारी बसलेला असतो. मला एक शब्द कळत नाही."

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. त्यांचीही पोरं इथंच वाढली. त्यांनी मला काही उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर खर्चाचा मुद्दाही काढला नाही.

मास्तर मागे हटणारे नाहीत, आणि हटूही नये त्यांनी. ते म्हणाले, "बरं. न्यायचाच असेल तर तयारीनं न्या. इंग्रजी माध्यमात घाला, तमिळ एक विषय म्हणून येईल. गरज पडली तर परत दुसरीत बसवा, एक वर्ष मागं गेल्यानं काही बुडत नाही. आणि मराठी घरी, रोज. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. रात्री जेवल्यावर एक पान वाचून घ्यायचं आणि पाच ओळी लिहून घ्यायच्या. आजीला पत्र लिहायला लावा. शाळा सोडल्याचा दाखला निघायच्या आधी घ्या, नंतर मागत बसू नका."

"आजीला वाचता येत न्हाई," बंड्या म्हणाला.

"मग मला लिहायला सांग," मास्तर म्हणाले. "मी वाचून दाखवीन तिला."

पोस्टातल्या मित्रानं तेवढ्यात रेशनचं सांगितलं. कार्ड रद्द करून नवीन काढायच्या नादाला लागू नकोस. आधार जोडलेलं असेल तर आता दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही अंगठा देऊन धान्य मिळतं, काही तिकडं घ्यायचं, काही इकडं आईला घेता येतं. आणि पोरीच्या लसींचं कार्ड जपून ने, पाचव्या-सहाव्या वर्षीचा डोस अजून राहिलाय.

मला मात्र शाळेपेक्षा मोठी काळजी दुसरीच होती. मी विचारलं, "राहायचं कुठं?"

"दुकानाच्या वरच खोली हाय. मामा तिथंच राहत्यात. भाडं न्हाई."

"तिथं राहू नकोस."

"फुकट खोली सोडू?"

गलाईचं काम बंड्यानं पाहिलेलं नाही, म्हणून त्याला सांगावं लागलं. जुना दागिना येतो, त्यात सोन्याबरोबर तांबं असतं, चांदी असते. ते मुशीत वितळवून त्यात सोन्याच्या तिप्पट चांदी घालतात, रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात, आणि ते दाणे नायट्रिकच्या तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, सोनं तळाला राहतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडून चांदी परत मिळवतात. फार सुंदर काम आहे ते. भुकटीतून निघालेलं काळपट सोनं पुन्हा वितळलं की कसं झळकतं ते मी लहानपणी डोळे फाडून पाहिलंय. पण दाणे तेजाबात पडले की तांबूस-तपकिरी वाफ उठते. ती छातीला वाईट. त्या क्षणी नुसतं घसा खवखवल्यासारखं वाटतं आणि खरा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. जिना उघडा असला की ती वाफ वर येते. आमची खोली तशीच होती. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. बहिणीला दर पावसाळ्यात धाप लागायची.

"भाडं दे, पण खोली लांब घे," मी म्हणालो. "दुकानात वाफ बाहेर काढायची नळी, पंखा आहे का ते बघ. नसेल तर बसवल्याशिवाय काम धरू नकोस. मामांना वाईट वाटलं तर वाटू दे."

आप्पा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले. "हे बराबर हाय. आमच्या वयाची निम्मी माणसं छातीनं गेली."

बंड्या बराच वेळ गप्प होता. मग हळू म्हणाला, "तिचं काय होईल रे तिकडं? मी दुकानात, पोरगं शाळेत. ती दिवसभर कुणाशी बोलणार?"

हे त्यानं विचारलं म्हणून मला बरं वाटलं. मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

आईनं आधी विचारलं, "पोरगी किती वर्सांची?" मग सुटलीच ती. तिथल्या सिरुवाणी धरणाचं पाणी असं गोड, की खानापूरच्या दुष्काळातनं गेलेल्या तिला पहिले आठ दिवस पाणीच प्यावंसं वाटायचं. ज्वारी मिळते, तिला चोळम म्हणायचं, बाजरीला कंबु. ते लोक भाकरी करत नाहीत, पण गिरणी असते, पीठ बारीक करून मागायचं. दुधाला पाल म्हणतात. पहिल्या दिवशी शेजारीण दारात येऊन "पाल, पाल" करत होती आणि ती भिंतीकडं बघत राहिली. कुणी "वांग" म्हणालं तर भाजी नव्हे, 'या' म्हणून बोलावतंय. तिकडची बोली मऊ, मान देऊन बोलणारी. फुलवालीपाशी रोज दहा मिनिटं बसायची ती, गजरा घेतला नाही तरी. सहा महिन्यांत भाषा आली ती तिथं, कुठल्या पुस्तकातनं नव्हे.

पोस्टातला मध्येच म्हणाला, तिकडं २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये बायकांना तिकीट नाही. आई म्हणाली, "मग तर तिला म्हणावं, घरात बसू नको. पोरीला घेऊन बसमदी बस. मला तवा दोन रुपयं मागायला लागायचं."

बंड्यानं विचारलं, "काकू, थोरल्याला नेऊ का हितंच ठेवू?"

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. कट्ट्यावरही कुणी बोललं नाही. मी फोनकडं बघत होतो.

"ने," आई म्हणाली. "रडला तरी ने. रडतंय म्हणून मागं ठेवू नको." मग तिचा आवाज बदलला, नेहमीसारखा झाला. "मे महिना अजून लांब हाय. तुझ्या बायकोला आणि पोरांना रोज सांजच्याला माझ्याकडं धाड. मी बोलायला शिकवते."

आणि फोन ठेवता ठेवता मला म्हणाली, "तू पण येत जा रे त्यांच्यासंगं."