आघाडा पाहिजे, आघाडा!

इंदूरला सगळं मिळतं. सराफ्यात रात्री बारा वाजता गरमागरम भुट्ट्याचा कीस मिळतो, राजवाड्याच्या गर्दीत सुईदोऱ्यापासून नऊवारीपर्यंत म्हणाल ते मिळतं. श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी आघाडा तेवढा मिळत नाही.

आणि आमच्याकडे जिवतीच्या तसबिरीला आघाडा-दुर्वांची माळ हवी म्हणजे हवीच. दुर्वांचं मी कसंबसं जमवतो. आघाड्याचं नाव काढलं की आई पुरण वाटता वाटता म्हणते, "कुठेही उगवतो मेला! जा, घेऊन ये."

तिचं काही चूक नाही. पडक्या भिंतीच्या कडेला, कुंपणाच्या बुडाशी, उकिरड्यावर, रुळांलगत, झाडाच्या अर्धवट सावलीत, पाऊस पडला की आघाडा हजर. त्याला खत नको, पाणी नको, कौतुक तर नकोच. लागतं ते फक्त माणसाचं दुर्लक्ष. आणि २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर आल्यापासून आमच्या शहरात दुर्लक्षाचाच तुटवडा आहे. जरा मोकळी माती दिसली की तिथे पेव्हर ब्लॉक. भिंतीचा कोपरा दिसला की त्यावर रंगीत चित्र. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकून मला अभिमानाने भरून येतं. श्रावणी शुक्रवारी मात्र तेच गाणं छातीत धडकी भरवतं. उरलेल्या रिकाम्या प्लॉटांवर गाजर गवताने कब्जा केलाय, ते कुठल्याच देवाला चालत नाही.

बाजारात विचारावं, तर पंचांग आडवं येतं. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आमचा श्रावण सुरू होतो तेव्हा त्यांचा अर्धा सावन उरकलेला असतो आणि आमचे शेवटचे शुक्रवार त्यांच्या भादोंत पडतात. "भिया, सावन तो कब का गया," असं फुलवाला माझी कीव करत सांगतो. बेलाचा ढीग त्याने राखीलाच आवरलेला असतो. लटजीरा, म्हणजे हिंदीतला आघाडा, म्हटल्यावर तर तो माझ्याकडे असा बघतो, की मी जणू त्याच्याकडे विकत धूळ मागितली.

मग स्कूटर काढून शोधमोहीम. रामबागेत एका जुन्या वाड्याच्या मागे हमखास असायचा; वाडा गेला, तिथे पार्किंग आलं. पुढे लोकमान्य नगर स्टेशनच्या बाजूला. डोक्यावर हेल्मेट, हातात पूजेची पिशवी आणि नजर गटाराच्या कडेला, अशा अवस्थेतला प्रौढ गृहस्थ लोकांना स्वस्थ बसू देत नाही. एकाने विचारलं, "भिया, क्या गिर गया?" "कुछ नहीं, घास ढूँढ रहा हूँ." त्याने मुकाट्याने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

तेवढ्यात कुंपणाच्या जाळीला टेकलेला तो दिसला. समोरासमोर पानं, जांभळट झाक मारणारं टोकदार कडांचं खोड, पेरापेरांशी फुगीर आणि वर शेपटीसारखा लांब तुरा. तुऱ्यावरची फळं खाली तोंड करून खोडाला चिकटलेली असतात. तुरा वरून खाली कुरवाळा, अगदी गरीब. खालून वर हात फिरवला, की बोटं सोलून निघतात. मी तोडायला वाकलो आणि पँटच्या दोन्ही पायांवर त्याची पुढची पिढी चढून बसली. गुरांच्या अंगाला चिकटून गाव बदलायची त्याची जुनी रीत. शहरात गुरं उरली नाहीत, तेव्हा माझ्यावर भागवलं असावं.

घरी माळ झाली. तसबिरीत मधे पोरं खेळवणारी जिवती आणि खाली बुध-बृहस्पती. बुधाच्या समिधाही आघाड्याच्याच, त्यामुळे त्यांच्याकडूनही तक्रार आली नाही. आई खूश झाली आणि लगेच पुढची ऑर्डर सोडली: गणपतीच्या पत्रीत लागेल, ऋषिपंचमीला दात घासायला काड्या लागतील, नरकचतुर्दशीला आंघोळ करताना डोक्यावरून फिरवायला लागेल. मला वाटलं होतं शुक्रवारवर सुटका होईल!

गॅलरीत पँटवरची कुसळं वेचत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या शर्मा भाभी डोकावल्या. "अरे, ये लटजीरा? हमारे कूलर के पीछे पूरा जंगल है. कल ही उखड़वा रही हूँ."

मी हातातली पँट टाकून उठलो. भाभीजी, दिवाळीपर्यंत हात लावू नका, म्हणून अक्षरशः विनवणी केली. त्यांनी जरा विचार केला, आमच्या स्वयंपाकघराकडे बघून दीर्घ श्वास घेतला आणि दर सणाला सहा पुरणपोळ्यांवर सौदा पक्का केला. तूप वेगळं.