पट्टा छोटा, म्हणून बीपी मोठं

दीडशे किलोच्या माणसाचं बीपी १६० आलं की गोळी लिहून मोकळं व्हायचं, ही सवय बेळगाव भागातल्या दवाखान्यांत सुटता सुटत नाही. आधी बीपी मोजताना दंडाला बांधायचा पट्टा बघा की! खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजायचा. नेहमीचा पट्टा २७ ते ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडाला. ३५ ते ४४ ला मोठा, त्याच्या वर मांडीचा. आतल्या हवेच्या पिशवीने दंडाला ८० टक्के तरी वेढा घातला पाहिजे. छोटा पट्टा ओढूनताणून बांधला की आकडा खोटा वाढतो, गोळी मात्र खरीच पोटात जाते.

कमरेतल्या इंजेक्शनचं तेच. दीड इंची सुई चरबीतच थांबते, औषध स्नायूपर्यंत जातच नाही. तिथे लांब सुई घ्यावी, नाहीतर औषधाला चालत असेल तर दंडावर द्यावं.

वजनकाटा १२० किलोला संपतो, मग केसपेपरवर 'अंदाजे १३०'. रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो, तिथे अंदाज कसला चालवताय? आणि रुग्णाला वखारीतल्या काट्यावर पाठवणं हा सरळ अपमान आहे. २०० किलोच्या पुढचा प्लॅटफॉर्म काटा आता काही दुर्मीळ राहिलेला नाही.

खरी कसरत रेफर करताना. अथणीहून मिरजेला, निपाणीहून कोल्हापूरला पेशंट निघतो. राज्याच्या हद्दीपलीकडे उपचारांचं सरकारी कार्ड चालेल का, हे घरचे चार जण विचारतात. सीटी स्कॅनचं टेबल चालेल का, हे कोणीच विचारत नाही. बऱ्याच टेबलांची मर्यादा २०० किलोच्या आसपास, आणि मशीनचं भोक साधारण ७० सेंटिमीटर. वजन बसतं, पोट अडकतं. म्हणून सगळ्यात रुंद जागेची मापं घेऊन आधी फोन करायचा. स्ट्रेचर किती किलो पेलतं, हेही ड्रायव्हरला विचारून घ्यायचं. बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरांतल्या अरुंद जिन्यात ते वळतच नाही, तिथे पाठीच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधूनच उतरवावं लागतं.

गाडीत सपाट झोपवू नका. पोटाचा भार छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा वर ढकलतो, फुप्फुसांत हवेचा साठाच कमी राहतो आणि ऑक्सिजन बघता बघता घसरतो. पाठीखालून डोक्यापर्यंत ब्लँकेटांच्या घड्यांचा चढ करायचा. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका आडव्या रेषेत आलं की चढ जमला. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायलाही हीच स्थिती लागते. नुसती उशी दिली तर मान पुढे वाकते, श्वास आणखी कोंडतो. मोठ्याने घोरणाऱ्याला 'जरा शांत झोपू दे' म्हणून झोपेचं इंजेक्शन तर नकोच.

कूस बदलायला चार जण लागतात. दोघांवर भागवलं की पोटाच्या वळ्या पुसायच्या राहतात, तिथे बुरशी धरते. वॉर्डबॉयची कंबर धरते ती वेगळीच.

गुडघा दुखला, 'वजन कमी करा'. धाप लागली, 'वजन कमी करा'. तपासणीला हात न लावता दिलेला हा सल्ला ऐकून माणूस दवाखान्याची पायरी सोडतो आणि पायाची जखम पार चिघळल्यावर येतो.

रेफरच्या चिठ्ठीत एवढं तरी लिहा: मोजलेलं वजन, पोटाचा आणि मानेचा घेर, घोरतो का, बसून ऑक्सिजन किती, आडवा केल्यावर किती.