वय ठरवतं कोण?

आमच्या वाडीच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. शिमग्याला पालखी खांद्यावर घेतात, मुंबईकरांकडून वर्गणी गोळा करतात, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी काढतात. माणूस कामाचा आहे, माझा त्यांच्यावर काडीचाही राग नाही. त्याच वाडीत बत्तीस वर्षांची एक बाई राहते, तिची थोरली सातवीत आहे. तिला तरुण म्हटलेलं मी लग्नानंतर एकदाही ऐकलं नाही. तिच्या वयाच्या कुणालाच मंडळाच्या बैठकीचं बोलावणं जात नाही. त्यांच्यासाठी महिला मंडळ आहे, आणि तिथे एकदा गेलं की तुम्ही बाई. बाविशीची असा की बासष्टीची.

शरीर वाढतं, दमतं, केस पिकतात, ते निसर्गाचं. पण बालपण कुठे संपलं, तारुण्य कुठवर चाललं, पोक्तपणा कुणावर कधी आला, या रेघा आपण मारतो. आणि माझं ठाम मत झालंय की त्या मारताना आपण दोनच गोष्टी बघतो: कुणाला माफ करायचंय आणि कुणाकडून काम करून घ्यायचंय.

एकोणीस वर्षांच्या मुलाने दारू पिऊन हर्णैच्या रस्त्यावर बाईक घातली. माणसं जमली, बापाने पैसे भरले, मोठी मंडळी म्हणाली, "पोर आहे हो अजून, वय असतं एकेक." त्याच वर्षी त्याच्याच वर्गातली मुलगी एस.टी. स्टँडवर एका मुलाशी बोलताना दिसली, तर हीच मंडळी म्हणाली, "आता काय लहान आहे का ती? कळायला नको?" जन्मसाल एक, शाळा एक, वाडीही एक. तो लहान ठरला, ती मोठी. दोन महिन्यांत तिचं कॉलेज बंद झालं. मला हे अजून सहन होत नाही.

जुन्या काळाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, पण तो काळ विसरताही येणार नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे इथलेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा होत्या. बालविधवा हा शब्द आपण इतक्या सहज वाचतो, की त्यात काय भरलंय ते दिसेनासं होतं. खेळायच्या वयातल्या मुलीला समाजाने सांगितलं की तुझं आयुष्य संपलं. अंगाने ती मूल होती, हिशेबाने म्हातारी. तो हिशेब मोडला म्हणून मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला.

कायद्याच्या रेघा बघा किती वेळा सरकल्या. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती द्यायचं वय, दहावरून बारावर नेलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणण्याचं राजकारण मला समजतं. पण या सगळ्या वादात त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींना कुणी काही विचारलं असेल, असं वाटत नाही. मग १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचं वय मुलीला चौदा, मुलाला अठरा केलं. १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झालं. या तीन वर्षांच्या फरकाला कारण काय? बायको नवऱ्याहून लहान असावी, एवढंच. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या सल्लापत्रात सांगितलंही, की हा फरक ठेवायला कायद्याचा काही आधार नाही, दोघांनाही अठराच ठेवा. २०२१ मध्ये उलट मुलींचं वय एकवीस करायचं विधेयक आलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं तेही गेलं.

तरुण म्हणजे कोण, यावर सरकारचंही एकमत नाही. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे तेरा ते पस्तीस, २०१४ च्या धोरणात पंधरा ते एकोणतीस. तिशी ते पस्तिशीतल्यांच्या गुडघ्यांना काही त्या दिवसात दुखणं लागलं नव्हतं.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते आंब्याच्या दिवसांत, आमच्या खळ्यावर. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा क्रेटमधून येतो आणि बायका गोल करून बसतात. एक काकू आहेत, साठीच्या आसपासच्या. आंबा हातात घेतला, देठाकडे एकदा बघितलं, अंगठा फिरवला की हा पाच डझनी पेटीत जाणार की सहा, हे त्या बोलत बोलत ठरवतात. चिकाने बोटांची कातडी काळी पडून सोललेली असते. डागी आंबा त्यांच्या हातून पेटीत गेलेला मी पाहिलेला नाही, आणि मुंबईहून माल परत फिरला नाही तो या हातांमुळे. त्यांना बाईची मजुरी. शेजारी क्रेट उचलायला आलेला, पहिल्याच हंगामाचा सतरा वर्षांचा मुलगा, त्याला गड्याची मजुरी. सकाळी उशिरा आला तर तो पोर असतो, संध्याकाळी पैसे घेताना गडी असतो. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. आमच्या भागातल्या किती खळ्यांवर तो पोचलाय, ते बागायतदारांनीच सांगावं.

आणि बागेत राखणीला राहणारी नेपाळी माणसं. हर्णैच्या बोटींवरही खलाशी म्हणून आता बरेच तेच आहेत. आमच्याकडे येतात त्यांतल्या एकाला नातवंडं आहेत. तरी सगळे विचारतात, "पोरं आली का नेपाळची?" आमच्या घरच्या जुन्या हजेरीच्या वहीत पानंच्या पानं "बहादूर १, बहादूर २, बहादूर ३" अशी आहेत. नाव नाही, वय नाही. आमच्या मुलाला पोर म्हणतो ते चूक पोटात घालायला. त्यांना पोर म्हणतो ते "अहो" म्हणावं लागू नये म्हणून. चेहरा वेगळा दिसला की माणसाचं वय आपल्याला दिसतच नाही.

चेहऱ्यावरून माणसं लावायची ही सवय साहेबाने तर शास्त्र म्हणून खपवली होती. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकांची मापं घेऊन जातींचे वंश ठरवत होता. पुढे याच कर्व्यांच्या सूनबाई, इरावतीबाई, बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजल्या. युरोपीय माणूस बुद्धीने वरचा, हे कवटीवरून दिसावं अशी गुरूची अपेक्षा होती. तसं काही दिसत नाही, हे बाईंनी आपल्या प्रबंधात मांडलं. शिकायला आलेल्या परदेशी मुलीने गुरूला त्याच्याच देशात हे सांगितलं, याची मला फार मोठी किंमत वाटते.

गेल्या हंगामापासून आमच्या वहीत नेपाळहून येणाऱ्यांची नावं लिहिली जातात, आडनावासकट, आणि वर्गवारी करणाऱ्या बायकांना गड्याइतकीच मजुरी मिळते. घरात यावर बरीच बोलाचाली झाली. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून जमलं. आता आजूबाजूचे बागायतदार नाराज आहेत, "वहिनी, तुम्ही रेट बिघडवताय, आम्ही बायका कुठून आणायच्या?" असं दोघांनी तोंडावर सांगितलं. तुम्हाला आंबा निवडून देणाऱ्या हातांची किंमत आहे तेवढीच आम्ही देतोय, असं मी त्यांना सांगितलं. ते पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात मोहोर बघून मजुरीचे दर ठरवायला सगळे बसतील. त्या बैठकीला आजवर एकही बाई गेलेली नाही. मी काकूंना घेऊन जाणार आहे.