ल्योंच्या खाणावळी आणि आपल्या

फ्रेंच जेवण म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. परातीएवढी प्लेट, तिच्या मधोमध चमचाभर काहीतरी, शेजारी सॉसचे तीन ठिपके आणि बिल बघून छातीत धडधड. हे चित्र मनात घेऊन युरोपला जाणारे आणि रोज रात्री टूरवाल्यांनी शोधून ठेवलेल्या हॉटेलात पनीर बटर मसाला खाऊन परत येणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत. त्यांच्याशी भांडण नाही. (सासूबाईंना बरोबर घेऊन फिरलं की वरणभाताची खरी किंमत कळते.) पण ज्यांना जमेल त्यांनी पॅरिसहून टीजीव्ही ही दोन तासांची वेगवान रेल्वे पकडावी, ल्योंला उतरावं आणि एखाद्या ‘बुशों’त दुपारचं जेवावं. मग ते चित्र पुसलं जाईल.

कारण बुशों ही चक्क कामगारांची खाणावळ आहे. ल्यों हे रेशमाचं शहर. क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची वस्ती होती, त्यांना ‘कानू’ म्हणत. तिथल्या घरांची छतं आजही उंचच उंच दिसतात, कारण घरातच जॅकार्ड माग उभा करायचा असे. मजुरीवरून याच विणकरांनी 1831 आणि 1834 साली उठाव केले, दोन्ही वेळा सैन्य आलं. पहाटेपासून मागावर बसलेल्या माणसाला सकाळी नऊच्या सुमारास भरपेट खायला लागायचं, त्या खाण्याला ‘माशों’ म्हणतात. चांगलं मटण व्यापाऱ्यांच्या घरी जाणार, विणकरांच्या वाट्याला मुंडी, पाय, आतडी. बुशोंच्या मेन्यूत अजून तेच आहे, आणि त्याची कुणाला लाज नाही.

‘ताब्लिए द सापर’ म्हणजे वजडी. बैलाची, हे आधीच सांगते, नंतर शिव्या नकोत. व्हाइट वाइनमध्ये मुरवून, ब्रेडचा चुरा लावून कुरकुरीत तळलेली. ‘आंदुइयेत’ म्हणजे आतड्यात आतडी भरून केलेला सॉसेज. टेबलावर यायच्या आधी त्याचा वास येतो, आणि तो वास लपवायचा कुणी प्रयत्नही करत नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी तो मोहरीबरोबर इतक्या तल्लीनतेने संपवला की मला माझ्या बेताच्या धाडसाचं हसू आलं. मी मागवलं होतं ‘केनेल’: पाइक नावाचा गोड्या पाण्यातला काटेरी मासा वाटून, त्यात अंडं, लोणी, मैदा घालून केलेला मऊ लांबट गोळा, वर क्रेफिशचा सॉस. त्या एवढ्याशा गोळ्याने मला रात्रीचं जेवण टाळायला लावलं. तीन ठिपक्यांची भीती इथेच संपली.

शाकाहाऱ्यांनी मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रसिद्ध ल्योनेझ सॅलडमध्येसुद्धा बेकनचे तुकडे असतात. ‘सर्वेल द कानू’ निर्धास्त मागवा. नावात विणकराचा मेंदू आहे, पण प्रत्यक्षात ते ताजं चीज, लसूण, कांद्यापातीसारखी हिरवळ, तेल आणि व्हिनेगर आहे, आणि ब्रेडबरोबर बेफाम लागतं. शेवटी गुलाबी प्रालिनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट. अतिशय गोड. मला आवडला, नवऱ्याला नाही.

फ्रेंच वेटर उर्मट असतात हे मला पटत नाही. दारातून आत शिरताना ‘बोंजूर मादाम’ म्हटलं नाहीत तर मात्र ते होतात, आणि बरोबरच आहे. जेवण झाल्यावर अर्धा तास बिल येत नाही म्हणून आपण चिडतो. तिथे न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘निघा आता’ म्हणण्यासारखं. मागायचं, मग येतं. सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, नळाचं पाणी जग भरून मागितलं तर फुकट मिळतं, ब्रेडचे पैसे नाहीत. पण दोननंतर स्वयंपाकघर बंद, मग तुम्ही कितीही भुकेले असा.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. या शहराच्या स्वयंपाकाला नाव मिळवून दिलं बायकांनी. श्रीमंत घरांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या बायकांनी स्वतःची छोटी हॉटेलं काढली. त्यांना ‘मेर’ म्हणत, म्हणजे आई. त्यांतली अजेनी ब्राझिए शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधी मूल झालं म्हणून घराबाहेर पडावं लागलेली. तिने 1921 मध्ये र्‍यू रुआयाल या रस्त्यावर हॉटेल सुरू केलं आणि 1933 मध्ये तिच्या दोन हॉटेलांना मिशेलिन या हॉटेलांच्या गाइडचे सर्वोच्च म्हणजे तीन-तीन स्टार मिळाले. एकाच वेळी सहा. जगात पहिल्यांदा. पुढे नामवंत शेफ झालेला पॉल बोक्यूझ तिच्या हाताखाली शिकला. शहरातल्या मोठ्या बाजाराला नाव मात्र बोक्यूझचं आहे. आणि 1998 मध्ये शेफ आलँ द्यूकास सहा स्टारांवर पोचला तेव्हा हा पहिलाच म्हणून गाजावाजा झाला, ब्राझिए कुणाला आठवली नाही. तरी निदान तिचं हॉटेल त्याच पत्त्यावर, तिच्याच नावाने चालू आहे.

आणि आपल्याकडे? माझे आजोबा कोकणातून गिरणीत आले ते लालबागच्या एका खाणावळीवर जगले. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण, पगार झाला की पैसे. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई पंधरा-वीस गड्यांचं रांधायची, किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरायची. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून निदान तेवढं तरी इतिहासात नोंदलं गेलं. पण त्या बायकांचं कालवण, त्यांचं सुक्याचं, भाकरीबरोबरची ती तिखट आमटी? ल्योंमध्ये विणकरांचं जेवण खायला मी युरो मोजले. गिरणगावात गिरण्यांच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये मला पिझ्झा, सुशी, सगळं मिळतं. गिरणी कामगाराचं ताट मिळत नाही. हे मला ल्योंमध्ये बसून लागलं आणि अजून लागतंय.

आजोबांना त्या बाईंचं नाव शेवटपर्यंत आठवत होतं, ‘मावशी’ एवढंच. परळ-लालबाग-काळाचौकीत जुन्या खाणावळवालीच्या घरातलं कुणी अजून तेच जेवण विकत असेल, तर पत्ता सांगा. रविवारी येते.