बुद्ध निराशावादी? मग हे व्याज कोणी मोजलं?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: बौद्ध विचार दुःखापासून सुरू होतो म्हणून निराशावादी, सगळं अनित्य म्हटल्यावर माणूस काही उभंच करत नाही, करुणा म्हणजे हळवेपणा, त्यापेक्षा सकारात्मक राहा, वाईट बघूच नका. खाली कमळाचं चित्र असतंच.

सुरुवात दुःखापासून होते, कबूल. पण आर्यसत्यं चार आहेत आणि फॉरवर्डवाले पहिल्यावरच थांबतात. दुसरं कारण सांगतं, तिसरं म्हणतं दुःख थांबू शकतं, चौथं मार्ग दाखवतं. ज्याला सुटका अशक्य वाटते तो मार्गाची आठ अंगं कशाला सांगत बसेल? लासलगावकडचा शेतकरी चाळीतला उन्हाळ कांदा उपसून सडका निवडून फेकतो, त्याला कुणी निराशावादी म्हणत नाही.

इथे कुणीतरी बाबासाहेबांचा दाखला देईल, आणि तो खरा आहे. 1957 साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनीच विचारलंय की, आर्यसत्यांमुळे धम्म निराशावादी ठरतो, मग ती मूळची की भिक्षूंनी मागाहून घातलेली? पण रोख बघा. बुद्ध निराशावादी असूच शकत नाहीत, हे धरूनच ही शंका आली आहे. दुःख आहे हे मान्य करणं आणि ते दूर करायचा मार्ग दाखवणं, हाच धम्माचा पाया असं त्यांनी त्याच ग्रंथात मांडलं.

‘अनित्य म्हणून काही उभं करत नाहीत’ म्हणणाऱ्याने एकदा नाशिकच्या पांडवलेण्याच्या, म्हणजे तिथल्या जुन्या बौद्ध लेण्यांच्या, पायऱ्या चढाव्यात. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि शिवाय 3000 कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 वर दरमहा शेकडा एक, 1000 वर शेकडा पाऊण. पहिल्या रकमेतून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आता हिशेब करा: 2000 चं वर्षाचं व्याज 240, आणि 20 गुणिले 12 सुद्धा 240. एक पैसा इकडेतिकडे नाही! दाता राजघराण्यातला, भिक्षू नव्हे, आणि त्याच लेण्यातल्या त्याच्या लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही यादी आहे, हे खरं. पण ‘सगळं नाशवंत’ म्हणणाऱ्या संघासाठी केलेल्या या ठेवीला लेखातच ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधी न संपणारी ठेव, म्हटलंय. अनित्य म्हणजे हातपाय गाळणं, असं निदान त्या काळच्या नाशिकला वाटत नव्हतं.

करुणेबद्दल थोडक्यात. भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्ग या भागात एक भिक्षू हगवणीने आपल्याच घाणीत पडलेला आहे. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. बुद्ध पाणी ओततात, त्यांचा शिष्य आनंद त्याला धुतो, मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवतात. यात हळवेपणा कुठे दिसला? उलट ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलंय. रडत बसणाऱ्याच्या हातून खाट उचलली जात नाही.

राहिलं ‘वाईट बघू नका’. हे नाशिककरांनी तरी लिहू नये. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो बौद्ध सत्याग्रह नव्हता, मंदिरप्रवेशाचा होता. वर्षं गेली, दार उघडलं नाही. ‘होईल सगळं छान’ म्हणत तिथेच उभं राहता आलं असतं. पण 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिरप्रवेशात शक्ती खर्च करू नका, असं सांगितलं. तिथून नागपूरच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेपर्यंत मध्ये 21 वर्षं गेली.