त्या अलार्मवाल्या फॉरवर्डला एकेका मुद्द्याचं उत्तर

"तात्पुरते वायरलेस अलार्म घेऊ नका, पैसे पाण्यात जातील" असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की चोराकडे जॅमर, म्हणजे सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, असलं की खेळ खलास, बॅटरी कधीही दगा देते, लाईट आणि वायफाय गेलं की नुसता डबा उरतो, पाल-उंदीर फिरले तरी बोंबलतो, आणि शेवटी सल्ला असा की पक्कं घर असेल तर वायरवाली सिस्टिम बसवा, नाहीतर कुलूप पुरेसं आहे. मला हे वाचून खरंच राग आला, कारण असल्या सल्ल्यामुळे लोक नेमके ज्या दिवसांत सगळ्यात जास्त धोका असतो त्याच दिवसांत घर रामभरोसे सोडतात.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. घराचं काम काढलेलं असतं तेव्हा वायरवाली सिस्टिम बसवणार कुठे? भिंत उद्या फुटणार असते, प्लास्टर व्हायचं असतं, दार सुताराने काढून ठेवलेलं असतं, आणि आत तांब्याच्या वायरची बंडलं, नवे नळ, मिस्त्रीची ड्रिल मशीन असा उचलून नेता येईल असा माल पडलेला असतो. आमच्याकडे चार महिने हेच चाललं होतं. आम्ही एक हब, म्हणजे सेन्सरचे सिग्नल घेऊन सायरन आणि फोन लावणारा मुख्य डबा, आणि तीन सेन्सर लावले, माल ज्या खोलीत तिथे सेन्सर, काम पुढच्या खोलीत सरकलं की डबल टेप सोडवून सेन्सरही पुढे. वायरवाल्याला हे जमेल का? आणि काम चालू असताना छिन्नीखाली पहिली तुटते ती वायरच.

बरं, फक्त बांधकामच नाही. भाडेकरू गेला आणि नवीन यायचाय तोपर्यंतचं रिकामं घर, भाड्याची जागा जिथे मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, प्रदर्शनातला स्टॉल रात्रभर मालासकट, इमारतीला परांची लागलीय आणि वरच्या मजल्याची खिडकी अचानक हाताशी आलीय ते दिवस, जुनी सिस्टिम दुरुस्तीला गेलीय तो मधला काळ. आणि ज्या बाईला कुणाकडून धमक्या येतायत तिच्या उशाशी दाबताच अलार्म देणारं पॅनिक बटण, हा तर मला सगळ्यात महत्त्वाचा उपयोग वाटतो, तिला संरक्षण आज रात्री हवंय, वायरमन मोकळा होईल तेव्हा नाही.

आता जॅमर. यात तथ्य आहे, पण अर्धंच. अगदी साधे एकतर्फी सेन्सर असतात, ते सिग्नल फेकून मोकळे होतात, हबला मिळाला की नाही हे त्यांना कळत नाही आणि सेन्सर बंद पडला तर हबलाही पत्ता नसतो. असलं घेऊ नका, इथे मेसेजवाला बरोबर आहे. पण दुतर्फी सिस्टिममध्ये सेन्सर ठरावीक वेळाने "मी आहे" असा निरोप हबला देत राहतो, तो आला नाही की तक्रार जाते, आणि चांगला हब त्या फ्रिक्वेन्सीवर सतत गोंगाट दिसला तर जॅमिंग म्हणून सूचनाही देतो. युरोपात ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे, त्यात सुरक्षेच्या ४ पायऱ्या आहेत आणि वायरलेस उपकरणांसाठी वेगळा भाग आहे. म्हणजे वायरलेस म्हणजे खेळणं असं हे मानक लिहिणाऱ्यांना तरी वाटलं नव्हतं.

बॅटरीचं तर मला कळतच नाही. सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्यातला ३ व्होल्टचा लिथियम सेल साधारणपणे काही वर्षं चालतो, तुमचं काम काही महिन्यांचं, आणि सेल उतरायला लागला की चांगला सेन्सर तसं आधी कळवतो.

लाईट, वायफाय: हबला बॅकअप बॅटरी आणि आत सिम असेल असाच घ्या, विषय संपला.

पाल-उंदराचं मात्र नीट सांगतो, कारण चुकीच्या अलार्मला वैतागून लोक सिस्टिमच बंद करून ठेवतात. हलचाल ओळखणारा सेन्सर म्हणजे तो पांढरा फुगीर प्लास्टिकचा भाग, त्यावर बारीक रेषा दिसतात ती लेन्स असते, ती खोलीचे पट्टे पाडते आणि अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की सेन्सरला कळतं. त्यामुळे काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि पाल थेट लेन्सवर बसली तर तो वाजू शकतो. आमचा पहिल्याच आठवड्यात दोनदा वाजला, खिडकीच्या भोकाला लावलेलं प्लास्टिक उन्हाने तापून वाऱ्याने हलत होतं आणि सेन्सरचं तोंड बरोबर तिकडे. तोंड फिरवलं, बंद झालं. आणि मालाच्या खोलीला तर तो लावायचाच नाही, तिथे दाराचा चुंबकवाला लावायचा. त्यात काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात, हा रीड स्विच १९३६ सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतला. चुंबक जवळ आहे तोवर पट्ट्या चिकटलेल्या, दार दोन बोटं उघडलं की सुटल्या आणि सायरन. उंदीर आत कितीही नाचला तरी त्याला काही घेणंदेणं नाही.

मेसेजमध्ये जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाहीये, की सायरन ऐकणारं कुणी नसेल तर तो रिकाम्या प्लॉटवर एकटाच ओरडत बसतो. म्हणून आम्ही हबमध्ये तीन नंबर टाकले होते, माझा, भावाचा आणि शेजारच्या काकांचा, आणि काकांना आधी एकदा मुद्दाम वाजवून दाखवला, म्हणजे रात्री दोनला फोन आला तर हे काय आहे ते त्यांना कळावं आणि त्यांनी एकट्याने आत न जाता आधी पोलिसांना फोन करावा.