‘माउंट बदला, थरथर जाईल’ म्हणे!

रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदललेल्या टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. गाडी मध्येच थरथरते का? स्कॅनरवर बिघाडाचा कोड नसेल तर इंजिन ठणठणीत आहे. माउंट (इंजिनाचे रबरी टेकू) गेलेत, कडक पॉलीयुरेथेनचे टाका. इरिडियम प्लग बसवा. टाकीत इंजेक्टर क्लीनर ओता. तरी थांबली नाही तर व्हील बॅलन्सिंग करा. सल्ले पाच, पण थरथर नेमकी कधी येते हे कुठेच विचारलेलं नाही.

ते आधी बघायचं. पहाटे मुंबईचा ईस्टर्न फ्रीवे मोकळा असताना ७० चा वेग धरा, एकदा चौथ्या गिअरमध्ये, एकदा पाचव्यात. वेग तोच असून थरथर बदलली तर ती इंजिनाकडची. दोन्हींत सारखीच राहिली तर टायर, रिम किंवा ड्राइव्हशाफ्ट. एक्सिलरेटरवरून पाय काढताच गेली तर लोडची, म्हणजे इंजिनावर ताण असतानाची. एक्स्पान्शन जॉइंटवरची (पुलाच्या तुकड्यांमधल्या सांध्यांवरची) धडधड मात्र हिशेबात धरू नका, ती पुलाची.

आता मुद्दे.

“कोड नाही म्हणजे इंजिन ठणठणीत.” साफ चूक. ईसीयू मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) ओळखतो तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यातल्या बारीक अडखळण्यावरून, आणि ठरलेली मर्यादा ओलांडेपर्यंत दिवा लावत नाही. खराब रस्त्याचे धक्के चाकांतून क्रँकपर्यंत पोचतात, म्हणून बऱ्याच गाड्यांत तेवढा वेळ ही मोजणीच थांबते. जुलैमध्ये मुंबईत किती वेळ मोजणी चालू राहत असेल, तुम्हीच बघा. शिवाय काही रिमॅप फाइलींमध्ये ही तपासणी मुद्दाम सैल केलेली असते. म्हणून पेंडिंग (अजून दिवा न लावलेले) कोड बघा, स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर आकडा बघा. मग तिसऱ्या गिअरमध्ये १८०० पासून ३००० आरपीएमपर्यंत पूर्ण एक्सिलरेटर देऊन स्कॅनरवर लॉग (नोंद) घ्या. फ्युएल ट्रिम (ईसीयूने कमी-जास्त केलेलं इंधन) आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० ला खाली येत असेल तर कुठेतरी व्हॅक्युम लीक (मोजणीत न आलेली हवा आत शिरणं) आहे, स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करा. उलट लोडवर वाढत असेल तर इंधनाचा दाब तपासा.

फोनमधला कंपन मोजणारा सेन्सरही कामाला येतो, फक्त तो सेकंदाला किमान २०० वेळा मोजणारा हवा. चार सिलिंडरच्या इंजिनात २४०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ४० फेऱ्या मारतो. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर तो दोन फेऱ्यांत एकदा धक्का देतो, म्हणजे २० हर्ट्झ. ४० हर्ट्झ उठून दिसला तर फ्लायव्हील, क्लच किंवा क्रँक पुली. कोणी मूळ डॅम्पर पुली काढून हलकी अ‍ॅल्युमिनियमची घातली असेल तर ती आधी परत काढा. पीळ पडून क्रँकमध्ये उठणारं कंपन शोषणारं रबर त्या मूळ पुलीतच असतं. ८० हर्ट्झ, म्हणजे फेरीला दोन धक्के, हे इंजिनाचं नेहमीचंच कंपन. ते केबिनमध्ये जास्त जाणवलं, तर माउंटचा विषय काढा.

“कडक माउंट टाका.” तेल गळालेला हायड्रॉलिक माउंट आयडलला गाडी हलवतो, हे खरं. पण तो तपासता येतो. गाडीसमोर कोणी उभं नको. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून ऑटोमॅटिक गाडी डी आणि आर मध्ये हलकी रेस करा आणि बाजूने कोणी बॉनेटखाली इंजिन किती उचलतं ते बघा. माउंट धड असताना कडक टाकलात तर कायमची गुणगुण केबिनमध्ये येते आणि अधूनमधून येणारा मूळ झटका तिच्यात बुडून जातो. इंजिन लोडवर कलंडतं तेव्हा मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) सबफ्रेमला (इंजिनाखालच्या चौकटीला) घासतो का, तेही बघा. तिथे धातूवर नाण्याएवढा चकचकीत ठिपका दिसतो. हीच टकटक इंधनाचा अकाली स्फोट ओळखणारा नॉक सेन्सर ऐकतो, ईसीयू इग्निशन मागे घेतो (रिटार्ड) आणि पिकअप मरतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० भरूनही रिटार्ड तेवढाच राहिला, तर संशय पेट्रोलवर नको, या घासण्यावर घ्या.

“इरिडियम प्लग बसवा.” धातू कोणता, यापेक्षा प्लगच्या टोकांमधला गॅप किती ते महत्त्वाचं. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते, ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते पुरलं नाही की नेमकी लोडवर गाडी मिस मारते. मूळ गॅप ०.८ मिमी असेल तर ०.६ ते ०.६५ वर आणा, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या. गॅप कमी करताना फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड दाबा. मधल्या बारीक टोकाला पक्कड लागली तर प्लग गेला. त्याआधी, समजा मिसफायर दोन नंबरच्या सिलिंडरवर आहे, तर त्याची कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी) चारवर लावून बघा. मिसफायर तिच्याबरोबर चारवर गेला तर दोषी कॉइल. नाही गेला तर मग प्लगची अदलाबदल. दोन्ही एकदम हलवलं तर काहीच कळणार नाही. प्लगच्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॉइलचा रबरी बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ उठेल. सर्व्हिस सेंटरला इंजिन धुतल्यावर किंवा पाणी साचलेल्या सबवेतून गेल्यावर प्लगच्या विहिरीत पाणी राहतं. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरतो. दोन्ही बघायला पाच मिनिटं पुरतात.

“इंजेक्टर क्लीनर ओता.” डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं, ते इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला शिवतच नाही. तिथला कार्बन मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्ट करावा लागतो.

“नाहीतर व्हील बॅलन्सिंग.” बॅलन्सिंगची थरथर एक्सिलरेटर सोडला तरी त्या वेगाला राहतेच. फक्त रेस दिल्यावर येत असेल आणि गाडी लोअरिंग स्प्रिंगवर खाली घेतलेली असेल, तर ड्राइव्हशाफ्टचा आतला सीव्ही जॉइंट (गिअरबॉक्सकडचा सांधा) उघडा. शाफ्टचा कोन बदलल्याने रोलर हाउसिंगमध्ये खाचा पाडतात. ग्रीस पुसून नख फिरवलं की नख अडकतं. बॅलन्सिंगचं मशीन हे कधीच दाखवणार नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: थरथरीसोबत चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. टेस्ट, लॉग सगळं बाजूला ठेवा, पाय काढा, गाडी कडेला घ्या आणि टो मागवा.